पऱ्हाटीपासून लॅक्टिक आम्ल : घोडं अडतं कुठे?

दहावीच्या ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ या पाठात दह्याचं उदाहरण आपण सगळेच देतो. दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलाय मुलांना लगेच समजतात. मग आपल्या अमरावती-अकोल्याकडचं एखादं पोरगं विचारू शकतं, “सर, पऱ्हाटीपासून बनते का हे?”

बनतं. पण पऱ्हाटीच्या तुकड्यांवर नुसतं विरजण टाकून काहीच होणार नाही. पऱ्हाटीत साखर आहे, पण मोकळी नाही. ग्लुकोजचे हजारो रेणू जोडून सेल्युलोज झालेलं, आणि त्याभोवती लिग्निनचं वेष्टन. म्हणून तर ती एवढी कडक! लॅक्टोबॅसिलायना हे कुलूप उघडता येत नाही.

ते आपण उघडून द्यायचं. आधी भुसा करून तो अल्कलीसोबत तापवायचा, म्हणजे लिग्निन सुटतं. मग सेल्युलेज हे विकर घालायचं, ते बुरशीपासून मिळतं. सेल्युलोज तुटून ग्लुकोज झालं की पुढचं काम जिवाणूंचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उसाच्या चिपाडातल्या सेल्युलोजपासून असंच लॅक्टिक आम्ल बनवलं. ते संशोधन 2007 साली प्रसिद्ध झालं.

फळ्यावर एक हिशेब जरूर मांडा. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 180 ग्रॅम लॅक्टिक आम्ल मिळू शकतं. अल्कोहोल करताना मात्र जवळपास निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. आणखी एक गंमत : आम्ल वाढलं की जिवाणू स्वतःच मंदावतात. म्हणून टाकीत चुनखडीची पूड घालत राहतात. कॅल्शियम लॅक्टेट तयार होतं, त्यातून गंधकाम्लाने आम्ल परत सोडवतात आणि जिप्समचा ढीग उरतो. हे आम्ल खाद्यपदार्थांत, औषधांत आणि पीएलए या प्लास्टिकसाठी लागतं.

मग आपल्याकडे पऱ्हाटी का जाळतात? बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, आणि पुढच्या पेरणीसाठी वावर लवकर मोकळं करावं लागतं. चिपाड कारखान्यात आयतं एका जागी मिळतं. पऱ्हाटी हेक्टरी साधारण 2 ते 3 टन निघते, पण ती वावरावावरात विखुरलेली. उपटायची, भुसा करायचा, वाहून न्यायची, ही मजुरी कोण देणार? माझ्या मते रसायनशास्त्राइतकंच घोडं इथे अडलंय. मुलांना आपापल्या वावराचा हा खर्च घरी विचारून काढायला सांगा.