झिलई आणि झीज

पिस्तूल म्हटलं की मराठी माणसाला एक तर हिंदी सिनेमातला खलनायक आठवतो, नाही तर दिवाळीतलं टिकल्या फोडायचं पत्र्याचं पिस्तूल. आमचंही तसंच होतं. पण टेक्साससारख्या राज्यात वीस वर्षं काढल्यावर या वस्तूशी कुठे ना कुठे गाठ पडतेच. आम्ही तीन मराठी इंजिनियर महिन्यातून एका शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर जातो. घरच्या मंडळींना हा छंद फारसा पसंत नाही, पण गोल्फपेक्षा स्वस्त पडतो म्हणून चालवून घेतात!

या लेखाचं निमित्त मात्र वेगळं आहे. आमच्या परिचयाच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा मुलगा पोलिसात आहे. आपली दुसरी पिढी आता डॉक्टर-इंजिनियर सोडून इतर वाटाही धरू लागली आहे, हे चांगलंच. चार वर्षांच्या नोकरीत त्याच्या पिस्तुलाच्या कडांवरचा काळा रंग जाऊन त्या चांदीसारख्या चमकू लागल्या. वडिलांच्या मनात शंका. आम्हाला विचारू लागले, "अहो, पोराला जुना माल तर दिला नाही ना? ऐनवेळी दगा दिला तर?" प्रश्न बापाच्या काळजीचा होता, पण उत्तर धातुशास्त्राचं. म्हणून आम्ही तिघांनी बसून ते नीट मांडायचं ठरवलं.

मुळात फिनिशला दोन शत्रू. एक घर्षण आणि दुसरा गंज. पोलिसाचं पिस्तूल दिवसभर होल्स्टरमध्ये असतं. ते आतबाहेर होताना नळीच्या तोंडाजवळची टोकं आणि स्लाइडच्या धारदार कडा घासल्या जातात. झीज तिथेच पहिल्यांदा दिसते, कारण सगळा दाब त्या बारीकशा कडेवर येतो. होल्स्टरमध्ये धुळीचे कण अडकले असतील तर ते पॉलिश पेपरचंच काम करतात. दुसरीकडे घामात मीठ असतं, आणि क्लोराइड हा पोलादाचा जुना वैरी. काही लोकांचा घाम इतका तिखट असतो, की त्यांच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस उमटतात! गंमत अशी की या दोन शत्रूंवरचे उपाय वेगवेगळे आहेत. कठीण थर गंज रोखेलच असं नाही, आणि गंज रोखणारा थर कठीण असेलच असंही नाही. गिऱ्हाईक फसतं ते इथेच.

जुन्या पिस्तुलांची ती सुंदर निळी-काळी झिलई म्हणजे 'ब्लूइंग'. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं, की पृष्ठभागावरच्या लोखंडाचं मॅग्नेटाइट होतं. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हा थर स्वतः गंज फारसा रोखत नाही, तो तेल धरून ठेवतो. आपल्या बिडाच्या तव्यासारखंच म्हणा ना. तव्यावरचं काळं जळलेल्या तेलाचं आणि हे ऑक्साइडचं, पण स्वभाव एकच: तेलाचा हात फिरला नाही की रुसायचं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या कमरेला असलेल्या एम १९११ ए १ पिस्तुलांवर दिसतो तो करडा, खरबरीत थर फॉस्फेटचा. याला 'पार्कराइझिंग' म्हणतात. दिसायला अगदीच सरकारी! पण हा थर सच्छिद्र असल्यामुळे तेल भरपूर शोषून घेतो. रणांगणावर देखणेपणापेक्षा हेच उपयोगी.

मग येतो मुलामा. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर आणि भांड्याच्या आतून फिरणारं ते चांदीसारखं कथील! कथील २३२ अंशांनाच वितळतं. ते मऊ, म्हणून झिजणार आणि पुन्हा लावावं लागणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. पिस्तुलावरचं निकेल याहून खूप कठीण, पण त्याची खोड वेगळी. ते हळूहळू झिजण्याऐवजी पकड सुटली की पापुद्र्यासारखं उठतं. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया असलेलं नळी साफ करायचं द्रावण फटीतून आत शिरून तांबं खातं, आणि वरचं निकेल अधांतरी राहतं. हार्ड क्रोम घर्षणाला फारच चिवट. मात्र ते चढवताना वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं, म्हणून त्या कारखान्यांवर कडक निर्बंध आहेत.

"मग सरळ स्टेनलेसच घ्यावं की!" असं कुणीही म्हणेल. स्मिथ अँड वेसननेही १९६५ मध्ये 'मॉडेल ६०' हे स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर आणलं. यात मुलामा नाही, त्यामुळे तो उडण्याचाही प्रश्न नाही. ओरखडा पडला तर पॉलिश करता येतो. पण स्टेनलेस म्हणजे 'कधीच न गंजणारं' नव्हे. घामाचं मीठ आठवडेच्या आठवडे बसून राहिलं तर त्यालाही ठिपके पडतात. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं तर एकाचे कण दुसऱ्याला चिकटतात, म्हणून सरकत्या भागांना तेल हवंच.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांच्या मुलाच्या पिस्तुलाची चौकट पॉलिमरची आणि स्लाइड नायट्राइड केलेल्या पोलादाची आहे. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये निवडलेल्या ग्लॉक १७ मुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली. ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान नायट्रोजन आणि थोडा कार्बन पोलादाच्या आत मुरवतात. मुरांब्यात पाक मुरावा तसा! म्हणजे हा वरून दिलेला रंग नव्हे. पोलादाची कातडीच कठीण आणि गंजाला बरीच दाद न देणारी होते. काळा रंग हा बहुतेकदा त्यावरचा वेगळा, पातळ थर असतो. कडांवरून गेला तो हा रंग. खालची कातडी शाबूत आहे.

मुलालाही आम्ही विचारलं. तो म्हणाला, "काका, ट्रेनिंगमध्ये एका दिवसात शेकडो वेळा होल्स्टरमधून काढायला लावतात. घासणारच ना! पण दर आठवड्याला तेल-फडकं होतं." आमचं समाधान झालं. वडिलांचं बरंचसं झालं.

पॉलिमरच्या आधी हलकी चौकट हवी असली तर ॲल्युमिनियम वापरत. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये स्वीकारलेल्या बेरेटा एम ९ ची चौकट ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचीच होती. ही प्रक्रिया आणि आपल्या काळ्या हार्ड ॲनोडाइज्ड कढईची प्रक्रिया सख्खी भावंडं. ऑक्साइडचा थर अतिशय कठीण, पण खालचं ॲल्युमिनियम मऊ. जोराचा ठोका बसला तर थर तिथेच तडकतो. हल्ली सेराकोटसारखे फवारून भट्टीत भाजायचे सिरॅमिक-पॉलिमर लेपही मिळतात. गंज रोखण्यात ते पटाईत, घर्षणात मात्र कडांवरून निघतातच.

जाहिरातीत "इतके तास मिठाच्या फवाऱ्यात टिकलं" असं लिहिलेलं असतं. ही चाचणी १९३९ पासूनची: ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. दोन फिनिशांची तुलना करायला ती ठीक आहे. पण त्या तासांची वर्षं करता येत नाहीत, आणि होल्स्टरमधल्या घर्षणाबद्दल ती काहीच सांगत नाही.

आमच्या अनुभवात सगळ्यात वाईट अवस्था रोज वापरलेल्या पिस्तुलाची नसते. दुकानाच्या गल्ल्याखाली किंवा कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्याची असते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ओल आणि कमावतानाचे क्षार राहतात, फोमची पेटीही दमटपणा धरते. बाहेरून झिलई नवीकोरी, आणि नळीत, मॅगझिनच्या स्प्रिंगवर गंज! म्हणून साठवताना होल्स्टरमधून काढा, तेलाचं फडकं फिरवा, जवळ सिलिका जेल ठेवा आणि दर महिन्याला एकदा बघा. हात लावण्यापूर्वी मॅगझिन काढून चेंबर रिकामा आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. घरात मुलं असोत वा नसोत, पेटीला कुलूप हवंच.

जुनं पिस्तूल विकत घेतानाही हीच नजर ठेवा. चमकणारी कड चालेल. तांबूस ठिपके, खड्डे आणि उठलेले पापुद्रे चालणार नाहीत. आणि वारशाने जुनं कोल्ट वगैरे हाती आलंच तर नवी झिलई द्यायला धावू नका. संग्राहक मूळ, झिजलेल्या फिनिशलाच जास्त किंमत देतात.

आणखी शंका असतील तर मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्हाला जरूर गाठा. पिस्तूल मात्र घरीच, कुलपात ठेवून या!