२०१५ची यादी, कानांनी केलेली

वर्षातले आवडते चित्रपट निवडायला पुण्या-मुंबईची माणसं डिसेंबरात बसतात. शिरूर-दौंडकडच्या माणसाला ती घाई परवडत नाही. सिनेमा आधी पुण्यात लागतो, तिथे दोन आठवडे तरला तर इकडे येण्याची आशा. नाही तर त्याच्या मागे जायचं. शिरूरहून एसटीनं रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून पॅसेंजरनं जवळपास तेवढंच आणि थोडं वर. रात्रीचा खेळ बघितला तर परतीचं काय, हा प्रश्न तिकिटाच्या दरापेक्षा मोठा. माझं घर शिरूरला आणि नोकरी दौंडला, त्यामुळे दोन्ही वाटा मला सारख्याच पाठ आहेत. बरेचसे सिनेमे नंतर टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिले. म्हणून २०१५ची यादी आता, दहा वर्षांनी देतोय. एक फायदा झाला. जाहिरातींचा गलका विरून गेलाय आणि खरोखर लक्षात राहिलेलंच उरलंय.

२०१५च का? त्या साली २४ मार्चला ६२वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि मराठीनं जवळजवळ घरच भरलं. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘कोर्ट’, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘किल्ला’, बालचित्रपटाच्या पुरस्कारात ‘एलिझाबेथ एकादशी’चा वाटा, आणि ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. ‘एलिझाबेथ एकादशी’ आधीच्या नोव्हेंबरात येऊन गेला होता. बाकीचे तिन्ही थिएटरात लागले ते २०१५ मध्येच. शिवाय दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’. यादी करताना कळलं की यातला एकही चित्रपट मला दृश्यांसाठी पहिल्यांदा आठवत नाही. आठवतात ते आवाज. म्हणून क्रमही कानांनीच लावलाय.

पहिला ‘ख्वाडा’. यात आपल्या भागाचा पक्षपात आहे, आणि तो मी लपवणार नाही. दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातल्या शेतकरी घरातले. घोड ओलांडली की शिरूरकरांसाठी श्रीगोंदा, भीमा ओलांडली की दौंडकरांसाठीही श्रीगोंदाच. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातल्या संज्ञापन विभागातून ते शिकून निघाले. नागराज मंजुळेही तिथलेच. चित्रपटासाठी त्यांनी वडिलोपार्जित जमीन विकली, ही गोष्ट तेव्हा सगळ्या पेपरांनी छापली. शेतकऱ्याच्या घरात जमीन विकणं काय असतं ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी विकली तर लोक हळहळतात, सिनेमासाठी विकली तर वेड्यात काढतात.

गोष्ट रघू कऱ्हे या धनगराची. वनखात्याकडे गेलेल्या जमिनीसाठी त्याची वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चाललीय आणि कुटुंब मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतंय. शशांक शेंडे यांनी केलेला रघू हट्टी आहे, थकलेला आहे, आणि अजिबात गोड नाही. धाकटा बाळू, म्हणजे भाऊसाहेब शिंदे, याला लग्न करायचंय आणि एका जागी राहायचंय. मग एका गावच्या सरपंचाशी वाकडं येतं, आणि पाल ठोकून राहणाऱ्याला गावात किती किंमत असते ते उघडं पडतं.

आता आवाजाचं. पूर्वी मराठीत सर्रास, आणि अजूनही कित्येकदा, चित्रीकरणाच्या वेळी आवाज फक्त खुणेपुरता घेतला जायचा. नंतर नट स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत उभा राहून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत संवाद पुन्हा म्हणायचा. पावलं, भांडी, दाराची कडी, सगळं वेगळं करून जोडायचं. त्यात आवाज स्वच्छ येतो, पण माणूस उन्हात उभा असतो आणि त्याचा आवाज वातानुकूलित खोलीत. शिवाय स्टुडिओत शिरताना बोलीलाही इस्त्री होते. त्यातून सिनेमातली ती ‘ग्रामीण’ बोली तयार झाली, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याच तालुक्यात कुणी बोलत नाही.

‘ख्वाडा’ जागेवरच ध्वनिमुद्रित केला, आणि त्यासाठी महावीर सब्बनवाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उघड्या माळावर हे काम किती जिकिरीचं! जनरेटर लांब न्यायचा, बघ्यांना गप्प करायचं, वारा माइकवर आदळू द्यायचा नाही. सदऱ्याच्या आत लपवलेल्या छोट्या माइकवर कापड घासलं की खरखर. आणि माणसांना ‘सायलेन्स’ म्हणून ओरडता येतं, मेंढरांना कोण सांगणार? तेव्हा मेंढरांना त्यांचं बोलू दिलंय. कळप चालताना असंख्य खुरांचा एक बारीक, सलग आवाज होतो. आमच्या रानात मेंढ्या बसायला येतात तेव्हा पहाटे तो अंथरुणात ऐकू येतो. तो मी पडद्यावर पहिल्यांदा ऐकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे निघतात; वाडा म्हणजे इथे घर नव्हे, तर मेंढरं, घोडी, कुत्री आणि बिऱ्हाड मिळून झालेला फिरता संसार. शेतकरी त्यांना रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसवायला सांगतो. लेंडीखत मिळतं, त्याचे पैसे किंवा धान्य धनगराला. चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी इकडे, खडकवासल्याचा कालवा दौंडकडे. ऊस वाढला, तशी मोकळी रानं आटली. ‘ख्वाडा’तलं भांडण या हिशेबातून बघितलं की रघूचा हट्ट नुसता स्वभाव राहत नाही.

दोष आहेत. खलनायकी सरपंच जरा जास्तच सरळसोट रंगवलाय, अनिल नगरकर यांनी जीव ओतूनही. शेवटाकडे चित्रपट नेहमीच्या हाणामारीच्या वाटेला लागतो. तरी पहिला नंबर त्याचाच.

दुसरा ‘कोर्ट’, १७ एप्रिलला लागलेला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट. आदल्या वर्षी व्हेनिसला ‘होरायझन्स’ विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला होता, आणि पुढे भारतानं ऑस्करसाठीही त्यालाच पाठवलं. ‘कोर्ट’ लागण्याच्या दहाच दिवस आधी, ७ एप्रिलला, तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं केल्याचं जाहीर केलं होतं. गदारोळ झाला, समाजमाध्यमांवर मिसळ आणि वडापावपर्यंत गोष्ट गेली, आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी तडजोड झाली. शहरात तो अस्मितेचा मुद्दा होता. आमच्यासाठी दुपारचा खेळच बरा! संपल्यावर शेवटची गाडी मिळते.

‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला आहे. त्यांच्या गाण्यानं एका गटार साफ करणाऱ्या कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप. कांबळे साकारले नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते मुळात कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले. मंचावर त्यांचा आवाज उसळतो, त्याला संभाजी भगत यांचं संगीत. १ जानेवारीला पेरणे फाट्यावर विजयस्तंभाच्या परिसरात ज्यांनी जलसे ऐकलेत त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. आणि मग तो आवाज कोर्टात येतो आणि विझतो. साक्षीदार मराठीत, हिंदीत बोलतो. न्यायाधीश ते इंग्रजीत आटोपशीर करून टंकलेखकाला सांगतात. कळफलकाची टकटक होते. एवढंच. चित्रपटातली सगळी हिंसा मला त्या टकटकीत ऐकू आली. तालुका कोर्टात नुसती तारीख घेऊन परत आलेल्या कुणालाही हे कळेल.

कॅमेरा लांब, हलत नाही, गर्दीचं भान सुटत नाही. यातले अनेकजण व्यावसायिक नट नाहीत. पण मला सगळ्यात आवडल्या गीतांजली कुलकर्णी, सरकारी वकिलाच्या भूमिकेत. कोर्टात त्या कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवतात आणि घरी जाऊन तितक्याच शांतपणे स्वयंपाकाला लागतात. त्यांचा राग येत नाही, ही दिग्दर्शकाची करामत.

‘किल्ला’बद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहून झालंय. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलं. २०१४ला बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, बंड्यासारखे मित्र मिळतात, दुरावतात. अमृता सुभाष, अर्चित देवधर, पार्थ भालेराव, तिघंही चोख. चित्रपट जूनच्या अखेरीस लागला. त्या वर्षीचा जुलै आमच्याकडे कोरडा गेला, दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. अशा दिवसांत दोन तास पडद्यावर पत्र्यावरचा, फरशीवरचा, समुद्रावरचा पाऊस ऐकणं ही चैन होती, आणि जरा छळही. यादीत चौथा.

तिसरा ‘कट्यार’. १२ नोव्हेंबर, ऐन पाडवा. सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’ समोर, मराठीतून त्याच दिवाळीत ‘मुंबई-पुणे-मुंबई २’. अशा गर्दीत शास्त्रीय संगीताचा चित्रपट चालेल असं पैजेवर कुणी म्हटलं नसतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण मराठी घरांत पक्कं होतं. सुबोध भावे यांनी पहिल्याच दिग्दर्शनात त्याला हात घातला. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. पंडितजी शंकर महादेवन. सदाशिव स्वतः भावे, गळा महेश काळे यांचा. काळे यांना पुढे या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या पदांना शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनांची जोड होती.

माझी तक्रार कथेच्या अंगानं आहे. नाटकात दोन घराण्यांचा झगडा संगीतात चालतो. चित्रपटानं त्याला कारस्थानाची फोडणी दिली, आणि खाँसाहेब कधीकधी नुसते दुष्ट वाटतात. पण गाणं सुरू झालं की तक्रार विसरायला होते. तमाशाची ढोलकी ऐकत वाढलेला हा मुलूख. दौंड तालुक्यात चौफुल्याची कलाकेंद्रं आजही चालू आहेत, आणि लावणीच्या बैठकीत दाद कुठे द्यायची हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तीच दाद मी ‘कट्यार’च्या तानांना पडताना ऐकली. शास्त्रीय संगीत ‘लोकांना कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी कधी आमच्या बाजूला येऊन बसावं.

बाकीचं भराभर. समीर विद्वांस यांचा ‘डबल सीट’ मला पाचवा. अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे चाळीतून स्वतःच्या घराकडे बघतात, आणि बघण्याची घाई करत नाहीत. उमेश कुलकर्णींचा ‘हायवे’ हुशार होता, पण पात्रांची गर्दी इतकी की कुणाशी ओळख होण्याआधीच टोलनाका येतो. ‘टाइमपास २’ बघितला, विसरलो. ‘बाहुबली’ आणि ‘बजरंगी भाईजान’ जुलैत आठवड्याच्या अंतरानं आले. ते आवडले हे सांगायला मला लाज नाही, पण त्यांना माझ्या यादीची गरज नाही. हिंदीतून एकच नाव यादीत घालतो, ‘मसान’. त्याचं छायाचित्रणही ‘किल्ला’वाल्या अविनाश अरुण यांचंच.

आणि ‘बाजीराव मस्तानी’? डिसेंबरात आला तेव्हा महाराष्ट्रभर वाद चालला होता तो काशीबाई आणि मस्तानी एकत्र ‘पिंगा’ घालतील का यावर. आमच्या तालुक्यात प्रश्न वेगळाच होता. मस्तानीची कबर शिरूर तालुक्यात, पाबळला आहे. १७४०मध्ये बाजीरावामागोमाग तीही गेली. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेल्या त्या चित्रपटात आरसेमहाल आहे, झुंबरं आहेत, हजार दिवे आहेत, पाबळ नाही. मस्तानीवर एवढा खर्च करणाऱ्यांना तिचा शेवटचा पत्ता नको असावा याचं मला अजून नवल वाटतं. यादीत नाही.

मधल्या दहा वर्षांत आवाजाची ही वाट मोडली नाही. पुढच्याच वर्षी ‘सैराट’नं गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमधला वाद्यवृंद वापरला आणि शेवटाला आवाजच काढून घेतला. २०२५च्या सप्टेंबरात लागलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ तर पार्श्वसंगीताला हातच लावत नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून संगमनेरकडच्या गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, यांच्यातली ओढ चित्रपट शेळ्या, वारा आणि दबक्या बोलण्यात सांगतो. सनडान्सला तो जागतिक कथापटांत पहिला आला. ‘ख्वाडा’ आवडलेल्यांनी तो चुकवू नये.

कऱ्हाडेंची वाट मात्र सोपी झाली नाही. २०१८ला ‘बबन’, मग २०२३च्या २८ एप्रिलला ‘टीडीएम’. पृथ्वीराज थोरात आणि कालिंदी निस्ताने हे नवे चेहरे, ट्रॅक्टर, आपला मुलूख. आणि खेळ इतके थोडे आणि अडनिड्या वेळी मिळाले की चित्रपट मागे घ्यावा लागला. ९ जूनला तो पुन्हा लावला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या दिग्दर्शकाची ही गत. २०१५च्या तडजोडीत ‘बारा ते नऊ’ ठरलं होतं. कुठल्या पडद्यावर, किती दिवस, आणि पुण्याबाहेर कुठे, हे तेव्हाही ठरलं नव्हतं.

दौंडचा माझा एक मित्र ‘कट्यार’ला पहिलं ठेवतो आणि ‘ख्वाडा’ला पाचवं. त्याच्या मते मी नदीपलीकडच्या माणसाला झुकतं माप देतोय. त्याला एवढंच सांगणं आहे की भीमेच्या पलीकडेही श्रीगोंदाच आहे, तेव्हा त्यानंही द्यायला हरकत नाही.