घर हीच शाळा (भाग ४) : शाळेला कळवायचं कसं?

मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनायक नरहर भावे, म्हणजेच पुढचे विनोबा, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. शाळेचे दाखले विनोबांनी आधीच चुलीत घातले होते. वडिलांना कळलं ते पत्रातून. त्याच लोहमार्गावरच्या कोसाडला आज एखादं मराठी कुटुंब मुलाला घरी शिकवायचं ठरवत असेल, तर त्यांनी नेमकं उलट करावं. आधी पत्र लिहावं आणि दाखला जिवापाड जपावा.

एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचं नावही नाही, मग अर्जाचा नमुना कुठून असणार? सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० पालकांचं कर्तव्य ठरवतं; शिक्षा मात्र सांगत नाही. म्हणून अनेक पालक गप्प राहतात. ते चुकीचं आहे.

कारण शाळा गप्प राहत नाही. मूल येईनासं झालं की यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर त्याचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जातं आणि दुसऱ्या शाळेने उचलून घेईपर्यंत तिथेच पडून राहतं. हद्दीतल्या मुलांची नोंद ठेवणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक संस्थेचं काम. कोसाड सुरत महापालिकेत आहे. तेव्हा पत्र मुख्याध्यापकांना, प्रत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांना. दोन्हीकडून पोच घ्यावी. मूल मराठी माध्यमात असलं तरी सोबत गुजराती प्रत जोडावी. त्याच वेळी एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागावा. पुढे मूल शाळेत परतलं तर कलम ४ नुसार त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

पत्रात काय लिहावं, याला सुरतेत विशेष महत्त्व आहे. इथे साड्यांना टिकल्या नि लेस लावायचं काम घरोघर चालतं. ‘मूल घरीच असतं’ एवढं ऐकून चौकशीला आलेल्या माणसाला शंका आली, तर ती रास्तच म्हणायला हवी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरी कायदा चौदाच्या आतल्या मुलाला घरच्या बिनधोक कामात मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच. म्हणून कोण शिकवणार, कोणते विषय, कोणती पुस्तकं, मूल कोणत्या वेळी अभ्यासाला बसणार, हे स्वच्छ लिहावं. हे पत्र पालकांच्या सोयीपेक्षा मुलाच्या संरक्षणासाठी जास्त आहे.

घरशिक्षण कळवण्याचे नियम अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना राज्यागणिक वेगळे भेटतात. न्यू जर्सीत कळवण्याची सक्ती नाही. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की दरवर्षी १ जुलैपर्यंत सूचनापत्र, मग अभ्यासाचा आराखडा, मग तिमाही अहवाल. आपल्याकडे नियमच नाही, त्यामुळे न्यूयॉर्कच्या आराखड्यासारखं पान स्वतःहून जोडलेलं बरं.

चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसता येतं. आधीच्या शाळेची अट नाही. मुंबईच्या मालविका जोशीला दहावी-बारावीशिवाय २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्यामागे संगणक ऑलिंपियाडची पदकं होती. आयआयटीला मात्र बारावी लागतेच. एनआयओएसचे विषय, माध्यम आणि परीक्षेच्या संधी यांची माहिती पुढच्या भागात.