मृदावायू : हवामान व मृदास्थिती यांचे परिणाम

मृदेच्या कणांमधील जो छिद्रावकाश पाण्याने व्यापलेला नसतो त्यातील वायुमिश्रणाला मृदावायू म्हणतात. त्याचे मुख्य घटक हवेतलेच असले, तरी मुळे व सूक्ष्मजंतू यांच्या श्वसनामुळे त्यात कार्बन डाय-ऑक्साइड पुष्कळ जास्त असतो. हवेत तो सु. ०·०४%, तर मृदेत बहुधा ०·२ ते १% व कधीकधी याहूनही अधिक आढळतो. उबदार व ओलसर मृदेत हे श्वसन वाढते.

मृदा व वातावरण यांतील वायूंची देवघेव मुख्यतः विसरणाने होते. पाण्यातील विसरण हवेतल्यापेक्षा सु. दहा हजार पटींनी मंद असल्याने छिद्रे पाण्याने भरली की ही देवघेव जवळजवळ थांबते. भरड वाळूतील पाणी लवकर निचरून जाते. चिकणमातीत त्यास बराच काळ लागतो. दख्खनच्या काळ्या मृदेची रीत निराळी आहे. उन्हाळ्यात तिच्या खोल भेगांतून हवा खालच्या थरांपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटल्या की तीच मृदा कोंदते. ऑक्सिजन संपला म्हणजे काही सूक्ष्मजंतू नायट्रेटापासून नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन मुक्त करतात आणि शेतात घातलेल्या खताचा काही अंश अशा रीतीने हवेत जातो. भातखाचरात पाणी दीर्घकाळ साचून राहिल्याने मिथेन निर्माण होतो.

ओलाव्याचा परिणाम नेहमी एकाच दिशेने होतो असे मात्र नाही. खनिजकणांतील रेडियमापासून उत्पन्न होणाऱ्या रेडॉनाचे अणू कोरड्या मृदेत बऱ्याचदा समोरच्या कणात रुतून बसतात. छिद्रात पाण्याचा पातळ थर असल्यास ते तेथेच अडतात व मृदावायूत मिसळतात. म्हणून थोड्या ओलीने रेडॉन वाढतो. मृदा जलसंपृक्त झाल्यावर मात्र त्याचा प्रवास इतका मंदावतो की, अर्धायुष्य केवळ ३·८ दिवस असल्याने त्याचा बराच भाग पृष्ठभागी येण्यापूर्वीच क्षय पावतो.

वातावरणीय दाब उतरू लागला की मृदावायू बाहेर ओढला जातो व दाब चढताना हवा आत शिरते. येथे दाब किती आहे यापेक्षा तो किती वेगाने उतरतो याला महत्त्व असते. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील लॉस्को या गावी २४ मार्च १९८६ रोजी याचा दारुण प्रत्यय आला. तेथे जुन्या खाणीत केरकचऱ्याची भर घालून वर चिकणमातीचे आच्छादन दिलेले होते. कचरा कुजून झालेल्या मिथेनाला वरची वाट बंद असल्याने तो जमिनीतून आडवा सरकत गेला. सु. सात तासांत दाब २९ मिलिबारांनी उतरला आणि जवळच्या एका बंगल्यात साठलेल्या वायूचा स्फोट होऊन तो उद्ध्वस्त झाला. तिघेजण गंभीर जखमी झाले. पावसाने भिजलेला किंवा गोठलेला पृष्ठथरही अशा आच्छादनाप्रमाणेच वायू कोंडून धरतो व घराखालची कोरडी जमीन ही त्याची सोपी वाट ठरते.

दाब उतरताना जुन्या विहिरींतही भोवतालच्या खडकातून कार्बन डाय-ऑक्साइड व ऑक्सिजनहीन हवा येऊन साठते. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. तो विझल्यास ऑक्सिजन अपुरा असल्याचे कळते. परंतु हवेत मिथेन ५ ते १५% असल्यास हीच परीक्षा स्फोटास कारण होते. त्यामुळे वायुमापकच वापरणे इष्ट असते. भरावाच्या जमिनीवर बांधकाम करावयाचे असल्यास एखाद्या दिवसाच्या मापनावर विसंबता येत नाही. चढत्या दाबाच्या दिवशी निर्दोष वाटणारी जागा दाब घसरताच धोक्याची ठरू शकते; म्हणून मापने अनेक आठवडे, उतरत्या दाबाचा काळ त्यात येईल अशा बेताने घेतात आणि प्रत्येक वेळी दाब, पाऊस व भूजलाची पातळी यांची नोंद ठेवतात.