वस्तुसंग्रहालयीन नाट्य : एका व्यवसायाची संघटना व तिची परिभाषा

कोणत्याही व्यवसायाची संघटना उभी राहण्यापूर्वी निरनिराळ्या ठिकाणी चाललेले काम हे एकाच जातीचे काम आहे, ही जाणीव व्हावी लागते. आणि ही जाणीव बहुधा समाईक नावाच्या रूपाने प्रथम प्रकट होते. वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांसमोर अभिनय करणाऱ्या मंडळींचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. एके ठिकाणी त्यांना मार्गदर्शक म्हणत, दुसऱ्या ठिकाणी शिक्षणसाहाय्यक, तर तिसऱ्या ठिकाणी नट. त्यामुळे एकच काम करणारी माणसे दीर्घकाळ परस्परांना अपरिचित राहिली.

प्रथा मात्र जुनी आहे. आर्टुर हाझेलियस याने १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे खुले संग्रहालय स्थापिले. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून उभारली गेली आणि पारंपरिक वेष केलेली माणसे, लोकसंगीत व नृत्य यांच्या योगे त्या घरांना सजीवता आणली गेली. अमेरिकेत व्हर्जिनियातील वसाहतकालीन विल्यम्सबर्ग नगराच्या पुनर्रचनेस १९२६ साली प्रारंभ झाला. मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथील संग्रहालय १९४७ साली स्थापन झाले. 'सजीव इतिहास' या नावाने ओळखला जाणारा हा एक प्रवाह होय. दुसरा प्रवाह रंगभूमीकडून आला. मिनेसोटा राज्यातील विज्ञान संग्रहालयाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच दालनांमधून लिखित संहितेची छोटी नाटके करण्यास सुरुवात केली. पहिल्या प्रवाहातील माणूस स्वतःला नट म्हणवून घेण्यास कचरत असे. दुसऱ्यातील माणूस नटच होता, परंतु त्याला रंगमंच नव्हता.

सजीव इतिहासाच्या क्षेत्रातील संग्रहालयांची संघटना १९७० साली निघाली. दालनांतील नाट्यास मात्र आणखी वीस वर्षे वाट पाहावी लागली. बॉस्टन येथील विज्ञान संग्रहालयात नाट्यकार्य करणाऱ्या कॅथरिन ह्यूज यांनी १९९० साली आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालयीन नाट्य संघटना स्थापन केली. 'इम्टाल' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. पुढे युरोप आणि आशिया-प्रशांत प्रदेश येथेही तिच्या शाखा निघाल्या.

अशा संघटनेची निकड का भासावी? 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण या व्यावसायिकास तंतोतंत लागू पडते. संग्रहाचे जतन करणाऱ्या अभ्यासकास त्याचा अभिनय करमणुकीचा वाटतो. रंगभूमीवरील समीक्षक त्याच्या प्रयोगास नाटक मानीत नाही. पैशाची चणचण भासू लागली की संग्रहालयात प्रथम त्याच्याच कामावर गदा येण्याचा संभव असतो. शिवाय त्याच्या अडचणी विशिष्ट स्वरूपाच्या असतात. प्रेक्षक तिकीट काढून नाटकास आलेला नसतो, तो चालता चालता थांबतो व मध्येच निघूनही जातो. दालनात आवाज घुमतो, प्रकाश नटाच्या सोयीचा नसतो, आणि काचेच्या पेटीस धक्का लागता कामा नये. या अडचणींवरील उपाय नाट्यशिक्षणाच्या पाठ्यक्रमांतून सहसा मिळत नाहीत. ते समव्यवसायी व्यक्तींकडूनच मिळतात. म्हणूनच अनुभवांची देवघेव, संमेलने आणि ग्रंथलेखन यांना या क्षेत्रात महत्त्व आले. ह्यूज यांचा वस्तुसंग्रहालयीन नाट्यावरील ग्रंथ १९९८ साली, तर मिनेसोटा येथील अनुभवावर आधारलेला टेसा ब्रायडल यांचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला.

तथापि संघटनेचे सर्वांत बिकट कार्य परिभाषेचे होय. या व्यवसायात 'प्रथमपुरुषी' आणि 'तृतीयपुरुषी' निरूपण अशा दोन संज्ञा रूढ आहेत. ऐतिहासिक व्यक्तीची भूमिका घेऊन बोलणे ते प्रथमपुरुषी. वेष जुना असला तरी आजचा माणूस म्हणून बोलणे ते तृतीयपुरुषी. या संज्ञा व्याकरणातून घेतल्या असल्या तरी व्याकरणाच्या कसोटीस त्या पूर्णपणे उतरत नाहीत. तृतीयपुरुषी निरूपण करणाराही 'मी' म्हणतोच. परंतु त्याचा 'मी' आजचा असतो. तेव्हा खरा भेद पुरुषाचा नसून 'मी', 'येथे' व 'आता' हे शब्द कोणत्या बिंदूपासून मोजावयाचे, याचा आहे.

प्लिमथ येथील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. तेथील इंग्रज वसाहतीच्या गावात १६२७ सालचे जीवन उभे केले आहे. गावातील भूमिकाधारी सतराव्या शतकातील इंग्रजीच्या प्रादेशिक बोली बोलतात आणि त्यानंतरच्या घटनांविषयी अज्ञान दर्शवितात. त्याच संग्रहालयात वाम्पानोआग वस्तीही आहे. तेथील मूलनिवासी कर्मचारी पारंपरिक वेष परिधान करतात, परंतु भूमिका घेत नाहीत. ते आजची माणसे म्हणून आपल्या पूर्वजांविषयी बोलतात. त्यांनी पूर्वजांना उद्देशून 'आम्ही' म्हटले, तरी तो भूतकाळातील पात्राचा 'आम्ही' नसतो. त्या काळापासून आजवर टिकून राहिलेल्या समाजाचा तो 'आम्ही' असतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद असल्याने ऐकणारा त्यातून वगळला गेला आहे, हे येथे चटकन ध्यानात येते. इंग्रजी सर्वनामात तो भेद दिसत नाही. ज्यांचा इतिहास समाप्त झाला असे इतरांनी गृहीत धरले, त्यांनी भूतकाळातील पात्र होण्याचे नाकारणे, हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे.

याच प्रश्नाचे उग्र स्वरूप विल्यम्सबर्ग येथे १० ऑक्टोबर १९९४ रोजी प्रकट झाले. अठराव्या शतकातील मालमत्तेच्या लिलावाचा प्रयोग तेथे करण्यात आला आणि त्यात गुलामांची विक्री दाखविण्यात आली. आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या निरूपण विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी स्वतः विकल्या जाणाऱ्या एका गर्भवती स्त्रीची भूमिका केली. पूर्वजांच्या यातनांचा तमाशा होईल, या भीतीने नागरी हक्कांच्या संघटनांनी निषेध केला. विरोधासाठी आलेल्यांपैकी एका प्रमुख व्यक्तीने प्रयोग पाहिल्यानंतर आपले मत बदलल्याचे जाहीर केले. इतरांचे आक्षेप कायम राहिले. कोणाच्या मुखाने कोणी बोलावे, प्रेक्षकास त्यासाठी कसे सिद्ध करावे, आणि प्रयोगानंतर नटाची मानसिक काळजी कोणी घ्यावी, या प्रश्नांची उत्तरे एकेकट्या संग्रहालयाने शोधणे किती कठीण आहे, हे या प्रसंगावरून दिसून येते.

मँचेस्टर विद्यापीठात अँथनी जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली २००५ ते २००८ या काळात झालेल्या संशोधनाने या चर्चेस अभ्यासाचा आधार दिला. प्रेक्षकांच्या तात्कालिक प्रतिक्रियांवरच न थांबता, काही महिन्यांनंतर त्यांच्या स्मरणात काय उरले, याचाही मागोवा त्यात घेतला गेला. अटलांटिकपार गुलामव्यापारावरील एक फिरता प्रयोग मँचेस्टर संग्रहालयात २००७ साली झाला. तोही या अभ्यासाचा विषय होता. प्रेक्षकाची अस्वस्थता हा दोष न मानता, योग्य रीतीने हाताळल्यास ती ज्ञानाचे साधन होऊ शकते, असा विचार या संशोधनातून पुढे आला. अर्थात आपण कोणत्या खेळात सहभागी होत आहोत, हे प्रेक्षकास आधी कळलेले असावे लागते.

मराठीत या कार्यास 'निरूपण' हा शब्द योजणे केवळ सोयीचे नाही. नारदीय कीर्तनात आख्यान सांगताना कीर्तनकार क्षणात पात्राच्या 'मी'ने बोलतो व क्षणात स्वतःच्या 'मी'वर परततो. श्रोत्यांचा त्यामुळे गोंधळ होत नाही, कारण संकेत उभयपक्षी ठाऊक असतात. संग्रहालयात येणाऱ्या अनोळखी, पांगलेल्या प्रेक्षकसमूहाजवळ असे संकेत नसतात. ते प्रत्येक प्रयोगात नव्याने स्थापावे लागतात.

सारांश, या क्षेत्रातील संघटनेचे प्रयोजन सभासदांच्या हितरक्षणापुरते मर्यादित नाही. मृत व्यक्तीचा 'मी' उच्चारण्याचा अधिकार ज्या व्यवसायाने स्वीकारला आहे, त्याला त्या अधिकाराच्या मर्यादा ठरविण्यासाठी समाईक व्यासपीठ लागते. ते व्यासपीठ उभारताना संज्ञांचा काटेकोरपणा हा पहिला टप्पा होय. या संज्ञा नीट पारखून घेण्याच्या कामी भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस पुष्कळ वाव आहे.