आहारविकारांचे शारीरिक परिणाम

अॅनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा आदी आहारविकार हे मानसिक आजार असले, तरी त्यांचे परिणाम शरीराच्या जवळजवळ सर्व संस्थांवर होतात. अॅनोरेक्सियाची गणना सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांत होते.

हृदय

अन्न अपुरे पडू लागले की शरीर ऊर्जा वाचवते. नाडी मंदावते, रक्तदाब व तापमान उतरतात, हृदयाच्या स्नायूचे वस्तुमानही घटते. अॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांवर केलेल्या अर्धोपासमारीच्या प्रयोगात हे बदल नोंदले गेले. स्वयंसेवकांना आहारविकार नव्हता; तरीही त्यांच्या मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. रुग्णाच्या वागण्यातील काही बदल उपासमारीचेच परिणाम असतात, हे त्यावरून दिसते.

बुलिमियात वजन बहुधा सर्वसामान्य राहते, म्हणून धोका नजरेआड होतो. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते व हृदयाची लय अचानक बिघडू शकते. जठरातील आम्लाने दातांचे इनॅमल झिजते, लाळग्रंथी सुजतात.

अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर यांचा ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, अॅनोरेक्सियातून उद्भवलेल्या हृदयविकाराने मृत्यू झाला. त्याआधी उपचारांमुळे त्यांचे वजन वाढले होते. त्यानंतर या आजाराची सार्वजनिक चर्चा वाढली.

हाडे व संप्रेरके

इस्ट्रोजेन घटल्याने मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडांची घनता मुख्यतः किशोरवयात व तारुण्याच्या आरंभी वाढते. नेमक्या याच वयात आजार जडल्यास ती उणीव पुढे पूर्ण भरून निघेलच असे नाही. पुरुष रुग्णांतही टेस्टोस्टेरॉन घटून हाडे ठिसूळ होतात. मात्र हा आजार केवळ मुलींचा, या समजामुळे त्यांचे निदान लांबते.

पुन्हा आहार सुरू करताना

दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न देणे जीवघेणे ठरू शकते. कर्बोदके मिळताच इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि हृदय व श्वसनाचे स्नायू दुबळे पडतात. यास रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांतही तो आढळला होता. म्हणून तीव्र कुपोषित रुग्णाचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली, वारंवार रक्ततपासणी करत वाढवला जातो. घरच्यांनी मायेपोटी केलेला जेवणाचा आग्रह अशा वेळी घातक ठरू शकतो.