आधी अंगण

सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. दिवाळीनंतर त्या कुटुंबासह बोर्डीला राहून गेल्या. किनाऱ्यावर फिरल्या, घोलवडला चिकूच्या वाडीत गेल्या, संध्याकाळी हॉटेलच्या आवारात तारपा नाचही पाहिला. ‘पण वारल्यांचं घर आतून पाहायचं राहूनच गेलं. ते कसं पाहायला मिळेल?’ असं त्यांनी विचारलं आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या खेपेला घेऊ. या पत्राला आजच उत्तर द्यावंसं वाटतं, कारण कितीतरी जण मनात हीच इच्छा घेऊन डहाणू रोडला गाडीतून उतरतात.

ताई, घर आतून पाहायची घाई करू नका. अंगणात बसा.

पाड्यावरचा दिवस अंगणातच जातो. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. आत उजेड बेताचा आणि भर उन्हाळ्यातही गारवा. चूल, धान्याची कणगी आणि देव आत. बाकी सगळं बाहेर. बांबूच्या कांबी तासायच्या त्या अंगणात, भात वाळवायचं ते अंगणात, भांडण मिटवायचं तेही तिथंच. 2018च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा डहाणू-तलासरीतल्या कितीतरी कुटुंबांनी थंडीच्या रात्रीही अंगणातच काढल्या. पाहुण्यालाही आधी तिथंच बसवतात. तो घराचा मान आहे, पाहुण्याला दूर ठेवणं नव्हे.

आतली भिंत हा तर वेगळाच विषय. आपण शहरात चौकट करून टांगतो त्या चित्रांचं मूळ लग्नघराच्या आतल्या भिंतीवर आहे. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा तो सवाशिणींनी. त्यात पालघाट देवी बसवायची. धवलेरीनं गाणी म्हणायची, आणि त्या देवीच्या साक्षीनं लग्न लागायचं. तो चौक म्हणजे पूजा. आपल्या देवघरात अनोळखी माणूस बूट घालून शिरला तर आपल्याला काय वाटेल, एवढं मनाशी धरलं तर आत डोकावायचा मोह आपोआप आवरतो.

हे चित्र लग्नाबाहेर आलं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. पण त्याआधी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी कामासाठी इथं आले, पाड्यांवर फिरले, लोकांत मिसळले आणि त्यांच्या हाती कागद दिला. मशे यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली, ते सर्वांना माहीत आहे. लोकांत मिसळून राहणाऱ्या कुलकर्ण्यांची आठवण मात्र फार थोडे काढतात.

अंगणात बसायचं कसं, हे मला विचाराल तर मी दोन बायकांची नावं सांगेन: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्यांच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकेन.

1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. शाळा तयार, शिक्षिका तयार, पण वस्तीवरची मुलं येईनात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी सात वर्षांची मुलगी शाळेत येणार कशी? दुसरं कोणी असतं तर आईबापांना नावं ठेवून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीवर, मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. माँटेसरीबाईंची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. 1957 साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं सकाळीच गुरांमागे रानात जायची, म्हणून शिक्षिकाही कुरणात गेल्या. गुरं चरताहेत आणि झाडाखाली वर्ग भरला आहे, ती कुरणशाळा. 1975 साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली, ती अंगणवाडी हेच नाव घेऊन. आज देशात जवळजवळ 14 लाख अंगणवाड्या आहेत. अनुताई 1992 साली वारल्या. 1945 पासूनचं सारं आयुष्य त्यांनी या मुलुखात काढलं.

तलासरीकडे गोदावरी परुळेकर अशाच आल्या. 1945च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्यामागे पाड्यापाड्यांवरची पायपीट होती. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ इकडे येण्याआधी जरूर वाचा.

या सगळ्यांना इथलं जगणं कळलं, कारण प्रत्येकाला इथं काही काम होतं. प्रवाशाकडे काम नसतं, म्हणून त्यानं निदान सवड घेऊन यावं. दोन तासांत तीन पाडे उरकणाऱ्याला काहीच दिसत नाही.

केव्हा यावं, तेही सांगतो. दिवाळीनंतर भाताची कामं आटोपली की अनेक घरांतली धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर, बोटींवर, बांधकामांवर कामाला जातात. मागे म्हातारी माणसं आणि कुलपं. सांगलीच्या ताई नेमक्या तेव्हा आल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडाला या. शेवळं उगवतात, ती काकडाची फळं घालून शिजवतात म्हणजे घशाला खाजत नाहीत. पुढं आवणी सुरू झाली की कोणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, पण चिखलात उतरून हाताला हात लावणार असाल तर तुमचं स्वागतच होईल. तारपा ऐकायचा तर भात पिकायला लागल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचे दिवस. तारप्याचा तो खरा काळ. भर मे महिन्यात हॉटेलच्या दिव्यांखाली तो वाजवायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कोणी पोटासाठी वाजवलाच, तर त्याला पुरती बिदागी द्यावी.

स्टेशनाच्या पूर्वेकडून एसटी किंवा शेअर रिक्षा धरा. थेट पाड्यात घुसू नका. शाळेतले गुरुजी, आशाताई किंवा अंगणवाडीच्या सेविका, यांच्यापैकी कोणाला तरी आधी विचारा. ‘आज नको’ म्हणाले तर मुकाट्यानं परत फिरा. गेलात तर जोहार करा, दाखवतील तिथं बसा, कोरा चहा पुढं येईल तो प्या. पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटू नका, त्यामुळे मुलांना येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं हात पसरायची सवय लागते. विचारायचं ते पावसाबद्दल, भाताबद्दल, गुरांबद्दल विचारा. उत्पन्न किती, दारू पिता का, असले प्रश्न आपण शेजाऱ्यालाही विचारत नाही.

शेवटी एक विनंती. परवानगी घेऊन फोटो काढलेत, तर त्यांच्या प्रती कागदावर छापून त्या घरी पोचत्या करा. घराचा पत्ता नसला तर पाड्याच्या शाळेच्या नावानं टपालानं पाठवा. गुरुजी नेऊन देतात.